बेटावरचं बुकिंग

जोतीराम आबांनी आपल्या मरणाची बातमी स्वतःच्याच कानांनी ऐकली, तेव्हा ते गोठ्यात मोती बैलाला वैरण टाकत होते. भिंतीपलीकडे सूनबाई क्रांती फोनवर बोलत होती.

"हो, आबा आणि आई, दोघांनाही बेटावर न्यायचंय... नाही, त्यांना काहीच सांगितलेलं नाही. आबा घाबरतील. आदल्या दिवशी सांगू... तिथं हार घालता ना? मग छान. आणि दोघांचं एकदमच होऊ दे. एकाला मागं कशाला ठेवायचं?"

आबांच्या हातातली पेंडी गळून पडली. मोतीने ती निवांतपणे खायला घेतली.

कृष्णाकाठच्या शेरवडीत बेट एकच, नदीच्या पात्रातलं. उन्हाळ्यात चालत आणि पावसाळ्यात होडीतून तिथं जायचं. पण आपल्या इच्छेने तिथं कोणी जात नसे, कारण गावाचं स्मशान तिथंच होतं. शेरवडीत माणूस मरत नाही, 'बेटावर जातो'. शाळेत गुरुजी 'श्रीलंका हे एक बेट आहे' म्हणाले, की पोरं एकदम गंभीर होतात. पण क्रांती पडली कवठे महांकाळकडची. तिकडं नदीच बेताची, तिथं बेट कुठलं? लग्न होऊन ती गावात आली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात सुदैवाने गावातलं कोणी गेलं नव्हतं. आबा फौजेतून निवृत्त झालेले, आणि तिचा नवरा शंभूराजही फौजेत, राजस्थानात. त्यामुळे हा शब्द तिला समजावून सांगायचं राहूनच गेलं.

आबांना आता सगळं उलगडायला लागलं. मागच्या आठवड्यात खोकल्यासाठी इस्लामपूरला नेलं, तेव्हा डॉक्टर त्यांना बाहेर बसवून क्रांतीशी एकटीशीच बोलले होते.

"काय म्हनला डाक्टर?" त्यांनी विचारलं होतं.

"काही नाही आबा. हवापालट करा म्हणाले."

हवापालट! शहरातली शिकलेली माणसं हल्ली काहीही नाजूक करून बोलतात.

तेवढ्यात क्रांती गोठ्याच्या दारात आली. "आबा, तुमचा एकट्याचा एखादा फोटो आहे का?"

"कशाला गं?" आबा मोतीच्या आडोशाला सरकले.

"लागतो. हसरा नसला तरी चालेल."

आपला खोकला एक वेळ समजण्यासारखा होता. पण बायको अंजनाबाई तर ठणठणीत. मग 'दोघांचं एकदम' कसं? या प्रश्नाचं एकच उत्तर आबांना सुचलं, आणि त्या दिवसापासून भाकरीचा पहिला तुकडा दारातल्या कुत्र्याला मिळू लागला. कुत्रं अंगानं सुधारलं, पण आबांची भीती काही जाईना. शेवटी त्यांनी पारावर जुन्या दोस्ताला, धुळाला गाठलं.

"धुळा, माजं बेटाचं ठरलंय."

धुळाने तोंडातली तंबाखू थुंकली. "आसं वंगाळ बोलू नगंस."

"सूनबाई फोनवर ठरीवत हुती. ह्या कानांनी ऐकलंय."

'कुणाला सांगू नगंस' हे आबांनी सांगितलं, आणि धुळाने तेही सगळ्यांना सांगितलं. दिवस मावळायच्या आत अंगणात माणूस मावेना. अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. नानासोसुद्धा आले. नानासो म्हणजे आबांचे चुलतभाऊ. बेंदराच्या मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं, यावरून दोघांचं बोलणं तुटून बरीच वर्षं झाली होती.

"जोत्या," नानासोंनी आबांच्या गळ्यात पडून टाहो फोडला, "माज्या आदी चाललास व्हय रं!"

आबांचं काळीज विरघळलं. फौजी गड्याने भर अंगणात शब्द दिला, "नाना, रडू नगंस. मी बेटावर गेलो, की माजा मोती तुजा."

नानासोंचं रडणं थोडं कमी झालं.

नेमकी त्याच वेळी क्रांती इस्लामपूरच्या शाळेतून शिकवून परतली. गर्दीतून वाट काढत ती पुढं आली. "काय झालं?"

"काय झालं म्हून इचारतीस?" अंजनाबाई उसळल्या. "आमास्नी बेटावर न्यायचं ठरीवलंयस न्हवं तू?"

क्रांतीचा चेहरा पडला. "कळलं होय तुम्हाला? मी सरप्राइज ठेवणार होते!"

नानासोंनी नव्याने टाहो फोडला.

"तिकिटंपण काढलीत," ती हिरमुसून म्हणाली, "विमानाची."

"इमानाची?" धुळा चक्रावला. "आवं, आपल्या बेटाला होडी लागताना मारामार!"

मग क्रांतीने अंदमान म्हणजे काय, ते सांगितलं. पांढरी वाळू, निळा समुद्र, गळ्यात हार घालून स्वागत करणारं हॉटेल, त्यांच्या फॉर्मला लागणारा फोटो, आई-आबांना त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला फिरायला पाठवायचं, वगैरे. मग बेट म्हणजे काय, ते सगळ्या गावाने मिळून तिला सांगितलं. तिने आधी कपाळावर हात मारला, मग आबांचे पाय धरले.

आबांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांड्यासकट विहिरीत गेला. सारी नोकरी त्यांनी वाळूत आणि बर्फात काढली होती. पोहता येत नव्हतं. विमान त्यांनी खालूनच पाहिलं होतं. आणि तिथून पुढं चहूकडं पाणी! त्यापेक्षा गावचं बेट बरं. तिथं निदान चौघं खांद्यावर नेतात, आपले पाय भिजत नाहीत.

तेवढ्यात त्यांना वाट सापडली. "माजी लय इच्छा हाय गं पोरी," ते खिन्नपणे म्हणाले, "पर शबुद देऊन बसलोय. बेटावर गेलो तर मोती नानाचा. बैलापायी ऱ्हावं लागतंय बग."

"व्हय, शबुद म्हंजी शबुद," नानासो घाईने म्हणाले.

अंजनाबाईंनी डोळे पुसले. उठल्या, गोठ्यात गेल्या, आणि मोतीला सोडून त्याचा कासरा नानासोंच्या हातात दिला.

"अगं, काय करतीस?" आबा ओरडले.

"दिलेला शबुद पाळतीय. आवं, उभ्या जन्मात कृष्णामाईबिगर पानी बगितलं न्हाई मी. तुमी या, न्हाई तर मी एकली जाती."

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर सारा गाव लोटला. अंजनाबाई खिडकीशी बसून सगळ्यांना हात करत होत्या. आबा शेजारी, दोन्ही हातांनी पुढचा दांडा आवळून. बस अजून सुरू व्हायची होती.

"आबा," धुळा खालून ओरडला, "बेटावरनं माघारी येनारा गावातला पयला मानूस तूच रं!"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. दांडा काही सोडला नाही.

"आलो तर," ते म्हणाले.