दौलतनानांचं सुतक

दूरदेशीचा एक म्हातारा राजा वारला आणि आमच्या देवपुरात दौलतनानांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. वर खडूने लिहिलं : 'सुतकामुळे दहा दिवस बंद.'

हा राजा कुठला, हे गल्लीत एकालाही सांगता आलं नसतं. टीव्हीवर त्याची बातमी दोन जाहिरातींच्या मधून निसटून गेली. नाना मात्र अनवाणी, दाढी वाढलेली, पायरीवर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "राजा गया, भो. मोठा मानूस गया."

मी स्पष्टच सांगतो, मला राजे चालत नाहीत. जन्माने कुणी मोठा ठरतो या थोतांडाविरुद्ध मी धुळ्यापासून यावलपर्यंत पत्रकं वाटली आहेत, एसटी स्टँडावर शिव्या खाल्ल्या आहेत. सुतक पाळू नका, हे पत्रकही माझंच. म्हणजे नाना एकटेच माझ्या दोन पत्रकांवर पाय देऊन बसले होते.

नाना बँडवाल्यांचे पोशाख शिवतात. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर फिती, पितळी बटणं. आणि प्रत्येक कोट कुठल्या ना कुठल्या राजघराण्यातला, पेपरातल्या फोटोवरून उचललेला. वरात चालू असताना ढोलवाल्याला थांबवून नाना त्याची कॉलर नीट करतात. "गुटखा थुंकू नको रे! युवराजना लगीनना कोट शे हाऊ!"

राजवाड्याची मालिका लागली की चष्मा पुसून नाना पडद्याला नाक लावतात. एकदा राणीच्या दुःखाने सगळी गल्ली रडत होती आणि नाना ओरडले, "बटन उलट्या बाजूले!" दुसऱ्या दिवशी वाहिनीला पोस्टकार्ड गेलं : 'महाराजांचा कोट बायकांसारखा लागतो आहे. दुरुस्ती व्हावी.'

तर, ऐन लगीनसराईत हे सुतक. बँडमालक बापू माझ्याकडे धावत आले. बावीस नवे कोट बाह्यांवाचून टांगलेले, रविवारी मोठी वरात. "कोण कुठला राजा, आणि माझी पोरं नुसती बंडी घालून वाजवतील का? तू तोंडाने तिखट आहेस, जा. नाहीतर पुढचं काम मालेगावला देतो, सांगून ठेव." नानांची नजर आता मंदावलेली. बापूंचं काम गेलं तर दुसरं कोण देणार?

दोन्ही पत्रकं खिशात घालून गेलो. दारातच विचारलं, "नाना, तो राजा तुमचा लागतो कोण?"

"आत ये."

आतली भिंत पाहून मी थांबलोच. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू एकमेकांना चिकटवून जमिनीपासून छतापर्यंत वंशावळ. हजारो रेघा, त्यांच्या टोकांना पेपरातले टाचणीएवढे चेहरे. नाना फूटपट्टी घेऊन उभे राहिले. "हाऊ आजा. ही त्याची बहीण, समुद्रापल्याड दिली, सासू वाईट निघाली. याने प्रेमासाठी गादी सोडली. या दोघा भावांत बोलणं नाही, मले नही आवडत ते. आणि हा आपला, गेला तो." तीस पिढ्या! एकदाही अडखळले नाहीत. मला माझ्या पणज्याचं नाव येत नाही. शत्रूच्या किल्ल्यात शिरावं आणि तटबंदी बघून हात जोडावेसे वाटावेत, तसं झालं.

"एवढं कशासाठी, नाना?"

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक पिवळा कागद काढला. शाळा सोडल्याचा दाखला. नाना अनाथाश्रमात वाढले, शिवण तिथेच शिकले, हे मला ठाऊक होतं. कागद कधी पाहिला नव्हता. वडिलांचं नाव : पुढे एक रेघ. आईचं नाव : रेघ.

"ही रेघ कुठं जात नही," नाना म्हणाले. "गल्लीत कुणी गेलं की लोक येऊन सांगतात, नाना, तुम्हाला सुतक नाही, तुम्ही खुशाल दुकान उघडा. चाळीस वर्षं उघडतोय. सुतक येवाले मानूस लागस, भाऊ."

"मग हाच राजा का?"

"पहिला कोट याच्या फोटोवरून शिवला. तेव्हापासून रोज सकाळी पेपरात याला शोधतो, बरा आहे ना. दुसऱ्या कुणाची अशी काळजी करायला मिळाली नाही."

मी पत्रकं बाहेर काढली नाहीत.

कोपऱ्यावर बापू मोटरसायकलवर बसून होते. "उघडतोय का म्हातारा?"

"नाही. घरचं माणूस गेलंय त्यांचं."

"घरचं? अरे, तो राजा..."

"घरचंच, बापू."

बापूंनी बंद शटरकडे पाहिलं. खडूची अक्षरं वाचली. "मग रविवारी जुन्याच कोटांत वाजवू," ते म्हणाले. "बाह्या अकराव्या दिवशी. पण दहाव्याला पांझरा नदीवर त्यांच्यासोबत कोण?"

खिशात पत्रक चुरगाळत मी म्हणालो, "मी."