खांबेट्यांची पेन्सिल, माझी शाई

ही गोष्ट मी तीस वर्षं टाळली. सुमतीलासुद्धा, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा, सांगितली नाही. सांगायला बसलो की मी खांबेट्यांच्या गमती सांगत सुटायचो, लोक हसायचे, आणि शेवट यायच्या आत मी चहा ठेवायला उठायचो. आज उठणार नाही.

सदानंद खांबेटे आयुष्यातली प्रत्येक गोष्ट पेन्सिलीने ठरवत. नोकरीचा अर्ज असो की लायब्ररीचा फॉर्म, आधी बारीक टोकाच्या पेन्सिलीने भरायचा आणि मग दुसऱ्या कुणाकडून त्यावर शाई चढवून घ्यायची. "एक माणूस चुकतो हो, नाडकर्णी. दोन माणसं बसून तीच चूक करत नाहीत." शाईवाल्याला काही खटकलं, तर त्याने तोंडावर सांगायचं, एवढीच अट. मी एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये ड्राफ्ट्समन होतो. दुसऱ्याच्या पेन्सिलीवर शाई चढवणं हे माझं पोटापाण्याचंच काम. त्यामुळे लंडनजवळच्या हॅरोमध्ये आमची ओळख झाली त्या दिवसापासून खांबेट्यांची शाई माझ्याकडे आली. कागद पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "शाई तुमची."

ते आमच्या मागच्या रस्त्यावर एका भाड्याच्या खोलीत एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत. पुण्याचा माणूस इंग्रज पोरांना इंग्रजी शिकवतो याची आम्हाला गंमत वाटे. ते म्हणत, "स्वतःची भाषा कुणालाच येत नाही. म्हणून तर मला नोकरी आहे."

पण हॅरो-वेम्बलीच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणासाठी. कुणाला घर घ्यायचं असलं की खांबेट्यांना सोबत नेत. इतर लोक भिंतींची ओल बघत, बॉयलर बघत. खांबेटे पिशवीतून घडीचं स्टूल काढत, रिकाम्या हॉलच्या मधोमध बसत आणि डोळे मिटून वीस मिनिटं गप्प राहत. "घर बघायचं नसतं, ऐकायचं असतं." एका इस्टेट एजंटने मला कुजबुजत विचारलं होतं, हे प्रार्थना करतायत का? मी हो म्हणालो. खरं सांगणं जास्त अवघड होतं.

डॉक्टर गोगट्यांच्या घराच्या वेळी डोळे उघडून ते म्हणाले, "डॉक्टर, हे घर घ्याच. भिंतीपलीकडे कुणीतरी दर मिनिटाला खोकतंय. घरबसल्या पेशंट!" गोगट्यांनी घर घेतलं. खोकणारे गृहस्थ पुढे त्यांच्याबरोबर ब्रिज खेळायला लागले.

आमचं घरही त्यांनी ऐकलं होतं. वीस मिनिटांनी कागदावर दोनच शब्द लिहिले: "रेल्वे. नको." मला पुढची मोठी खिडकी आवडली होती, सुमतीला बाग. "तुमचं 'नको' मला पटत नाही" असं खांबेट्यांना तोंडावर सांगून मी ते घर घेतलं. राहायला गेल्यावर कळलं, बागेच्या कुंपणापलीकडच्या लाइनवरून दर आठ मिनिटांनी गाडी जाते आणि कपाटातले कप किणकिणतात. माझी झोप त्या घराने जी घालवली ती घालवलीच.

खांबेटे एका शब्दाने बोलले नाहीत. दर शनिवारी चहाला येत. फक्त, गाडी यायची असली की आमच्या आधी त्यांना कळायचं आणि बोलता बोलता ते आपल्या बशीवर हलकेच एक बोट टेकवायचे. गाडी गेली की बोट उचलायचे. त्या बोटाचा मला फार राग यायचा. "सांगितलं होतं ना" असं म्हणाले असते तर परवडलं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, पन्नाशी उलटल्यावर, या माणसाने जपानला जायचं ठरवलं. तिथल्या एका कंपनीला आपल्या लोकांना इंग्रजी शिकवायला शिक्षक हवे होते. तीन ठिकाणं होती: ओसाकात अकराव्या मजल्यावरची एक खोली, एका मध्यम शहरात दोघांत मिळून फ्लॅट, आणि कारखान्याजवळ समुद्रकाठच्या गावात दोन खोल्यांचं जुनं लाकडी घर. पसंतीचे आकडे घालून फॉर्म पाठवायचा होता. महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर जपान पसरलेला होता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

अडचण एकच. घर ऐकायचं कसं? खांबेट्यांनी तिन्ही ठिकाणी फोन लावले आणि विनंती केली, जरा रिसीव्हर खिडकीबाहेर धरता का? ओसाकाच्या माणसाने फोन ठेवून दिला. दुसरीकडे कुणी उचललाच नाही. गावातल्या घरमालकीणबाईंनी मात्र धरला. चांगली तीन मिनिटं.

"काय ऐकू आलं, भावजी?" सुमतीने विचारलं.

"समुद्र. आणि कुणीतरी भांडी घासत होतं."

"अहो, पण तिथे माशांशिवाय काय मिळणार? तुम्ही तर अंडंही खात नाही."

"भात मिळेल की, वहिनी. लोणचं तुम्ही पाठवा."

त्यांनी गावापुढे एक लिहिलं, मध्यम शहरापुढे दोन, ओसाकापुढे तीन. पेन्सिलीने. फॉर्म माझ्या ऑफिसातून फॅक्स करायचा होता, आणि पेन्सिल फॅक्समध्ये नीट उमटत नसे. "शाई तुमची," ते म्हणाले. तेवढ्यात गाडी आली. त्यांनी बशीवर बोट ठेवलं.

सोमवारी ऑफिसात तो फॉर्म माझ्या ड्रॉइंग बोर्डवर होता. मी स्वतःला सांगितलं, एकटा माणूस, आडगाव, थंडी, आजारी पडला तर कोण बघणार? ओसाकात चार आपली माणसं तरी भेटतील. यातलं काही खोटं नव्हतं. पण मनात ते बोटही होतं. म्हटलं, ऐकून घर ठरवतात म्हणे! मी एक आणि तीन खोडले, जागा बदलून पुन्हा लिहिले आणि त्यांच्यावर शाई चढवली. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्याची रेघ हलवली ती तेवढीच. आणि तोंडावर काही सांगितलं नाही.

ओसाका मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा खांबेट्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "गावातलं घर दुसऱ्या कुणाला दिलं असेल. त्याला जास्त गरज असेल." मूळ फॉर्म त्यांनी मागितला नाही. माझी शाई त्यांनी कधीच तपासली नव्हती.

तिथून पत्रं यायची. एकात लिहिलं होतं, "खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, काहीच ऐकू येत नाही. लिफ्ट तेवढी वर-खाली जाते. माझ्या मजल्यावर सहसा थांबत नाही."

तीन वर्षांनी ते परतले. बारीक झाले होते. पहिल्याच शनिवारी चहाला आले, सुमतीला एक कागदी पंखा दिला आणि माझ्यापुढे एक गुंडाळी ठेवली. "सामान आवरताना सापडलं. तुम्ही नकाशेवाले, म्हटलं तुम्हाला आवडेल."

त्या गावातल्या घराचा नकाशा होता. मालकीणबाईंना पत्राने मापं विचारून त्यांनी इथे असतानाच काढलेला. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल. मागची खोली डोंगराकडे. तीत बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: "वहिनींना सकाळचं ऊन." आणि भिंतीलगतच्या अंथरुणावर: "नाडकर्णी. गाडी नाही. झोप लागेल."

"एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला, असं त्या बाई विचारत होत्या," खांबेटे हसले. "मी कळवलं, माझी माणसं येतील."

गाडी आली. त्यांनी बशीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या बशीवर.

"भावजी, हे काय करता हो तुम्ही नेहमी?" सुमतीने विचारलं.

"बशी वाजली की यांचा चेहरा पडतो, वहिनी. मग चहा गोड लागत नाही."

मी तोंड उघडलं. सांगायचंच होतं. "अजून अर्धा कप घेणार?" असं म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो.

नंतर खांबेटे बर्मिंगहॅमला भाचीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मधल्या वर्षांत मी चार वेळा त्यांना भेटून आलो. चारही वेळा आम्ही हवापाण्यावरच बोललो.

नकाशा माझ्या खणात आहे. त्यावर शाई चढवायला माझा हात धजला नाही. हेही मी पेन्सिलीनेच लिहितो आहे.

खांबेटे, तुमचा आकडा बरोबर होता. तो खोडला मी. कंपनीने नव्हे, मी. मला माफ करा.