चाळीस राखाडी वाघिणींची हकीकत

श्री अचूकता देवी प्रसन्न असो. जी कोणास दिसत नाही, परंतु जिची पाठ फिरताच गाडी रुळावरून उतरते, तीस प्रथम दंडवत, आणि मग श्रोत्यांस. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी आणि त्यामागून वऱ्हाड प्रांती जे वर्तमान घडले, ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. लिहिणाराचे नाव विचारू नये, त्याने हकीकतीत काही भर पडत नाही.

हकीकत ऐसीजे. एका शहरी मसाल्याची गिरणी, गिरणीवर माडी, आणि माडीवर एक राज्य होते. राज्याची लांबी बावीस हात, रुंदी सहा हात आणि उंची माणसाच्या कमरेइतकी, कारण सारे राज्य टेबलांवर वसले होते. नद्या होत्या परंतु त्यांत हात भिजत नसे, आणि डोंगर होते ते दोघांनी मिळून उचलावे. बाहेरच्या जगात सत्त्याऐंशी हात तर राज्यात एक हात, ऐसे प्रमाण बांधिले होते, आणि त्या प्रमाणाने कापूस वाहणारी एक जुनी अरुंद रेल्वे तेथे धावत असे. ती रेल्वे बाहेरच्या जगात बंद पडून साठ वर्षे लोटली, रूळ उखडून नेले, स्टेशनांवर बाभळी माजल्या, परंतु माडीवर काळास मज्जाव होता. तेथे साल कायम शके अठराशे साठ, आणि हंगाम कायम कापसाचा. त्या साली त्या रेल्वेवर जे होते ते सर्व राज्यात असावे, आणि जे नव्हते त्यातला एक खिळाही नसावा, हाच राज्याचा कायदा, आणि दुसरा कायदा नव्हता.

राज्याचे धनी भास्करराव टेंभेकर, उमर त्र्याऐंशी, पूर्वी तंत्रशाळेत सुतारकामाचे मास्तर, यांसच सर्व महाराज म्हणत. प्रधान मनोहरपंत गद्रे, विजेचे सर्व काम यांजकडे. आणि दफ्तरदार शरयूबाई नाफडे, यांची नोकरी भूमी अभिलेख कचेरीत झाली, लोकांच्या बांधांची मोजणी तपासता तपासता केस पिकले, आणि पेन्शनीत येताच बाई राज्याच्या चाकरीस लागल्या. नवी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, कोणी करून आणिली की ती थेट रुळावर चढत नसे. माडीच्या दारात बाई उभ्या राहत आणि विचारीत, "कोणी पाहिली?" मग आणणाराने फोटो दाखवावा, नाही तर नकाशा, नाही तर पाहिलेला माणूस उभा करावा. पुरावा नसेल तर वाघीण आल्या वाटेने घरी जात असे. एकदा खुद्द महाराजांची वाघीण ब्रेकच्या दांड्यापायी परत गेली, आणि महाराज जिना उतरता उतरता मोठ्याने म्हणाले, "आता हे राज्य टिकते." बाईंना तो दिवस लग्नाच्या दिवसाहून नीट आठवत असे.

राज्याचे वैभव म्हणजे चाळीस बंद वाघिणी, कापसाच्या गासड्यांच्या, प्रत्येक तर्जनीएवढी, आणि चाळीसही महाराजांच्या हातच्या. त्यास अकरा वर्षे लागली. त्यांचा रंग राखाडी, आणि तो राखाडी कैसा ठरला तेही सांगितले पाहिजे. सिंहासनामागे, म्हणजे महाराजांच्या वेताच्या खुर्चीमागे, चौकटीत एक फोटो होता, कारखान्यातून नवीच बाहेर पडलेली वाघीण, आकडा चारशे सतरा. फोटो काळापांढरा. परंतु बाईंनी अभ्यास करून सांगितले, की जुन्या फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटतो, ही वाघीण तर फिकट दिसते, म्हणून ती तांबडी असणे नाही, राखाडीच. भल्याभल्यांना न सुचणारी गोष्ट बाईंना सुचली म्हणून राज्यात त्यांचा जयजयकार जाहला, आणि महाराजांनी चौदा वेळा रंग मिसळून पंधराव्यांदा तो राखाडी साधिला. पुढे महाराजांस काचबिंदू जाहला. आधी कडा गेल्या, मग रंग गेले, आणि आता उजेड कोणीकडे आहे इतकेच कळे. चाळिसावी वाघीण शेवटची ठरली. मग महाराज म्हणाले, "आता माडीवर माझे काम नाही," आणि घरी बसले, ते दोन वर्षे जिना चढले नाहीत.

ते रविवारी बाई एकट्या एसटीने एका खेड्यात गेल्या, जुन्या स्टेशनचा फलाट फुटपट्टीने मोजावा म्हणून. फलाट मोजून शेताच्या कडेने येताना कवठाच्या झाडाखाली त्यांनी काहीतरी पाहिले आणि पाय जागीच थांबले. चाके गेलेली, विटांवर बसविलेली, अंगावर भडक हिरवा रंग चढविलेली, आणि तरी चुकू म्हणता न चुकणारी वाघीण! बाई चिखल न पाहता गुडघ्यांवर बसल्या आणि खालच्या लोखंडी तुळईवरची माती पदराने पुसली, तो लोखंडात ठोकलेला आकडा निघाला, चार, एक, सात. जी वाघीण अकरा वर्षे दोन बोटांत धरून उचलली, तिच्यापुढे उभे राहता मान वर करावी लागली. फळ्या मोजल्या, तितक्याच. दाराची पट्टी तिथेच. बाई कोणाच्या देवळात फारशा जाणाऱ्या नव्हेत, परंतु त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या.

इतक्यात शेताच्या धनीण पार्वताबाई ढोरे आल्या आणि म्हणाल्या, "काय पाहून रायल्या जी बाई? सासऱ्यानं आनला हा डबा. रूळ उखडले तवा सायब म्हने, घेऊन जा. आता शेळ्या राह्यते त्यात."

बाई म्हणाल्या, "थोडा रंग घासून पाहू का? रुपयाएवढाच."

"घासा ना. पोळ्याले पोळ्याले म्या नवा देतो. पन दार नोका उघडू, शेळ्या पयतीन."

मग बाईंनी पिशवीतून पॉलिश पेपर काढिला, पाण्यात बुडविला आणि गोल गोल घासू लागल्या, आणि एकेक पोळ्याचा थर उलगडत गेला. हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चुना, त्याखाली डांबर, आणि डांबराखाली, सगळ्या थरांच्या तळाशी, लाकडाला चिकटून गेरूचा तांबडा. राखाडी नावालाही नाही. बाईंनी दुसऱ्या बाजूस घासले, तेथे तांबडा. दारावर घासले, तांबडा. बाई तशाच चपला हातात घेऊन फाट्यापर्यंत चालत आल्या.

दुसरे दिवशी बाईंनी माडीवर जाऊन चौकट भिंतीवरून उतरविली आणि फोटो बाहेर काढिला. इतक्या वर्षांत हजारो वेळा सर्वांनी त्याचे तोंड पाहिले, पाठ कोणी पाहिली नव्हती, कारण सिंहासनामागची चौकट हलविणे हे राज्यात कोणाच्या मनातही येत नसे. पाठीवर कारखान्याच्या कोणा कारकुनाची पेन्सिल होती, की फोटो स्पष्ट यावा म्हणून एक बाजू धुऊन जाणाऱ्या राखाडी रंगाने रंगविली, फोटो होताच धुऊन टाकिली. ऐसे जाहले तर! ती वाघीण उभ्या जन्मात एक सकाळ राखाडी होती, आणि राज्याने त्या एका सकाळचे चाळीस डबे केले. बाई वेताच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या आणि रडल्या. फिल्मची विद्या त्यांचीच, निवाडा त्यांचा, आणि अकरा वर्षे मात्र महाराजांची.

प्रधानांस वर्तमान कळताच त्यांनी आधी दार लावून घेतले. मग म्हणाले, "बाई, एक सांगतो, रागावू नका. महाराजांना रंग दिसत नाही. आपण दोघे बसून महिन्याभरात तांबडे मारून टाकू. कायदाही राहील आणि म्हातारा सुखात राहील. त्यांच्या कानावर घालायची काय गरज आहे?"

बाई म्हणाल्या, "आणि त्यांनी विचारलं तर?"

"ते दोन वर्षांत वर आलेत का? कशाला विचारतील? बाई, त्यांनी डोळे घालवले हो त्या डब्यांपायी. आता तेच चुकले म्हणून सांगणार? जीव जाईल त्यांचा."

हे बोलणे खोटे नव्हते आणि म्हणूनच कठीण होते. बाई आठ दिवस घरी बसल्या. पोळी करपली, दूध उतू गेले, आणि शेजारणीने विचारले तरी सांगवेना. सांगावे तर महाराजांस आपल्याच हातांनी मारावे, न सांगावे तर ज्या माणसाने खरे बोलण्याची चाकरी दिली त्यासच त्याच्या अंधारात फसवावे. नवव्या दिवशी दुपारी बाई उठल्या, फोटो पिशवीत घातला आणि महाराजांच्या घरी गेल्या.

महाराज रेडिओ ऐकत होते. बाईंनी रेडिओ बंद केला आणि उभ्या उभ्या सर्व सांगितले, गेरू, पेन्सिल, आणि शेवटी "चूक माझी आहे, महाराज." महाराजांची बोटे खुर्चीच्या हातावर फिरत राहिली. मग त्यांनी विचारिले, "चारशे सतरा उभी आहे?"

"उभी आहे."

"खरी? फळ्यांसकट?"

"फळ्यांसकट. आत शेळ्या आहेत."

"आणि नऊ दिवस तू मला हे सांगितलं नाहीस?" महाराज खुर्चीतून उठले. "रंगाचं मागाहून बघू. माझी काठी दे. गद्र्याला म्हणावं गाडी काढ."

मग स्वारी निघाली. प्रधान गाडी हाकीत होते. कवठाखाली पोचताच बाईंनी महाराजांचा हात धरून लाकडावर ठेविला, आणि पुढे जे जाहले ते पाहणारे अजून हळू आवाजात सांगतात. महाराजांनी काठी टाकिली. दोन्ही तळवे फळीवर टेकले आणि कपाळही टेकले, आणि तैसेच राहिले. आतून शेळी ओरडली तरी हलले नाहीत. ज्या वस्तूची चाळीस पिल्ले आपण केली ती कधी काळी खरोखर होती, हे महाराजांस पुस्तकावरून ठाऊक होते, हातांस आज कळले. पार्वताबाई दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या आणि बाईंस म्हणाल्या, "या आजोबायचं कोनी होतं काय जी याच्यात?"

मग महाराजांची बोटे चालू लागली. फळीवरून फळी, सांध्यावरून सांधा, दाराची पट्टी, पट्टीवरून बिजागरी, आणि तेथे थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा थांबली. महाराज म्हणाले, "शरयू, बिजागरीला बोल्ट किती लावलेत आपण?"

"तीन, महाराज. फोटोत तीन आहेत."

"इथे चार आहेत."

बाईंनी वाकून पाहिले, काही दिसेना. बोट होते तेथे पॉलिश पेपर घासला, तो पोळ्यांच्या थरांखालून चौथा बोल्ट वर आला. दाराच्या पट्टीच्या आड, फोटोत जेथे सावली पडली होती नेमका तेथे. अकरा वर्षे डोळसांनी भिंगे लावून पाहिला नाही तो बोल्ट आंधळ्या बोटाने पहिल्या स्पर्शात काढिला! प्रधानांनी कपाळावर हात मारिला आणि म्हणाले, "चाळीस वाघिणी, प्रत्येकीला चार बिजागऱ्या. म्हणजे एकशेसाठ बोल्ट चुकले. रंग तर वेगळाच!"

आणि महाराज हसू लागले. पोटापासून हसले, खोकला येईतो हसले, डोळ्यांतून पाणी आले ते धोतराच्या सोग्याने पुसले. म्हणाले, "गद्रे, एकशेसाठ! अहो, माझं काम संपलं म्हणून तुम्ही मला दोन वर्षं बातम्या ऐकवल्यात, आणि इथे एकशेसाठ बोल्ट पडून आहेत!"

दुसरे दिवशी महाराज माडीचा जिना चढले. गेरू बाईंनी मिसळावा, आणि कैसा जाहला ते महाराजांस सांगावे. भोक बाईंनी सुईने पाडावे आणि तारेचा तुकडा, खसखशीएवढा, महाराजांनी बोटाने चाचपून बसवावा, ऐसा शिरस्ता पडला. पहिला बोल्ट बसावयास दुपार गेली. पुढे पुढे हात बसला, आणि एके दिवशी महाराजांनी अर्ध्या तासात बोल्ट बसवून हात पुढे केला, "दुसरा दे." बाईंनी डबीचे झाकण लाविले.

"आज एवढंच. गोंद वाळायला हवा."

"गोंद पाच मिनिटांत वाळतो, शरयू."

"हा नाही वाळत, महाराज."

महाराजांनी बाईंच्या आवाजाकडे तोंड वळविले. मग म्हणाले, "बरं. उद्या किती वाजता येऊ?"

येणेप्रमाणे चाळीस वाघिणींची हकीकत. राखाडी रंग गेला, गेरू आला. बोल्ट एकशेसाठ, पैकी लिहितेवेळी बसले एकोणसत्तर. दिवसास एक.