नदीपलीकडल्या ताटांची हकीकत

श्रीगजवदनास नमन, आणि अन्नपूर्णेस दोनदा नमन. शके सतराशे बावन्न, विकृतीनाम संवत्सरे, वैशाख मासी, एका राज्याचे चिटणीस त्रिमळपंत यांजकडे राजवैद्यांचे पत्र आले, आणि त्याचा जबाब अठरा दिवस गेला नाही, ती हकीकत येणेप्रमाणे.

पत्री मजकूर ऐसा की, "श्रीमंतांचे वडील छातीच्या कळेने गेले. श्रीमंतांसही चढणीस धाप लागते, आणि त्यांचे दूधभाऊ सटवाजी चाखणदार यांसही तेच. हवापालटीस गेला आहां, तर एखादे दिवशी बोकडाचे ताट सुखाने जेवावे. रोज मात्र नको. जेवण काय होते ते खरे लिहून कळवावे, त्यावर मात्रा ठरवितो."

पंतांनी लेखणी उचलली आणि ठेविली. कारण त्या राज्याचा रिवाज ऐसा की, नदी ओलांडून श्रीमंत विश्रांतीस गेले म्हणजे मुदपाकखान्याची रोजनिशी बंद, आणि जे लिहिले नाही ते जेविलेच नाही, ऐसे सर्वांस मनापासून वाटे. पंत भिडस्त, पोथ्यांत रमणारे. तरी धीर करून त्यांनी मुदपाकी रायाजीस पुसिले. तो म्हणाला, "अहो पंत, नदी ओलांडल्यावर पथ्य कसले? तुमचे वरण वेगळे शिजवितो, उगी राहा." मग पंत उगी राहिले. आणि सकाळी कलेजी, दुपारी तांबडा रस्सा, सांजेस सळईवर भाजलेले मटण, ऐसे बहुतेक दिवस चालले. प्रत्येक ताटातून सटवाजीने आधी चाखावे आणि उरलेलेही त्यानेच संपवावे. श्रीमंत हसून म्हणत, "चाख रे सटवा, विष असेल तर तू आधी जा!" तो म्हणे, "जातो की सरकार, पण नळी माझी!"

अठरावे दिवशी दुपारी सटवाजीने पहिला घास घेतला, आणि हात छातीवर नेला, आणि ताटावरच कोसळला. मग एकच ओरडा झाला, "विष! विष!" आणि रायाजीच्या मुसक्या बांधिल्या, आणि श्रीमंतांनी तरवार उपसली. तेव्हा पंत मध्ये उभे राहिले आणि राजवैद्यांचे पत्र पुढे केले. "विष नव्हे, सरकार. हे वाचावे."

श्रीमंतांनी वाचिले आणि पुसिले, "कधीचे?"

"अठरा दिवसांचे. अपराध माझा."

"आम्ही बोकड जेविलो किती वेळा? पाचसहा ताटे असतील."

"एकेचाळीस, सरकार. मी मनात मोजीत होतो."

"खोटे!"

तेव्हा रायाजी रडत बोलला, "खरे आहे सरकार! मागे कातडी वाळताहेत, बघा तरी!"

श्रीमंत मुदपाकखान्यामागे गेले, आणि पाहतात तो काय, दोरीमागून दोरी, थेट ओढ्यापर्यंत कातडीच कातडी. त्यांचे तोंड पांढरे पडले, आणि स्वतःचाच हात छातीवर गेला. मग तरवार म्यान केली, रायाजीस सोडविले आणि दूधभावाजवळ येऊन खाली बसले. सटवाजीने डोळे किलकिले केले. "सरकार, नळी..."

"गप मेल्या! पंतांचे वरण पाज रे याला," म्हणत श्रीमंतांनी त्याचे डोके मांडीवर घेतले. मग पंतांकडे वळून म्हणाले, "लिहा. नदीपलीकडले सगळे लिहा."

पंतांनी लिहिले की, "एकेचाळीस ताटे झाली. सटवाजी पडले आहेत, श्वास चालू आहे. मात्रा घेऊन आपणच तातडीने निघावे. पुढे आठवड्यास एक ताट, तेही लिहून, ऐसी श्रीमंतांची आज्ञा. जेविलो ते सर्व अंगातच राहिले. नदीने काही वाहून नेले नाही. जबाबास उशीर केला, याची क्षमा मागवत नाही."

इतके लिहून मोहर केली आणि पत्र जासुदाचे हाती दिले, आणि तो नदीत उतरून पलीकडे दिसेनासा होईतो पंत काठावर उभे होते.