चोवीस व्होल्टचं कुंकू

चौतीस वर्षं वीज खात्यात काढलेल्या माणसाला बॅटरी जोडायला कुणी शिकवू नये, असं मी अफझलगंजच्या बॅटरीवाल्या खलीलभाईंना स्वच्छ सांगितलं.

माझ्याकडे जुनी मिनीबस आहे. आत पलंग, ओटा, पंखा. आपल्याच घरात झोपून कन्याकुमारीला जायचं, हा माझ्या बायकोचा, कुसुमचा हट्ट. बस घेतली आणि कुसुमच गेली. दीड वर्ष झालं. मी निघायचं ठरवलं, तर लेकीने, योगिनीने अट घातली: रविवारी अंगणात तासभर सगळं चालवून दाखवा, नाहीतर बस विकायची.

बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस केलेले. पंखा मात्र बाराचा. म्हणजे त्याला एकाच बॅटरीची वीज द्यायची. सोपं!

खलीलभाई म्हणाले, "साब, बीच में से नक्को लो. कन्वर्टर लगाओ, चोवीस का बारा कर देता."

मी हसलो. घरी येऊन जिथे बारा व्होल्ट मिळतात त्या टर्मिनलवर लाल रंगाची खूण केली.

मग दसरा आला. जे जे चालतं त्याला कुसुम दसऱ्याला कुंकू लावायची. मिक्सरलासुद्धा. तिला वाईट वाटू नये म्हणून यंदा बॅटऱ्यांनाही मीच लावलं, हात सैल सोडून.

रविवारी सकाळी झाकण उघडलं तर चारही टर्मिनल लालभडक! मीटर आणायला घरात गेलो असतो तर योगिनीने विचारलं असतं, कशाला. म्हणून आठवणीने एक निवडलं आणि पंख्याची वायर जोडली.

योगिनी, रविवार असूनही ऑफिसची मीटिंग होती म्हणून, छान साडी नेसून बसमधल्या ओट्याशी उभी होती. परातीत भाकरीचं पीठ काढलेलं. मी ऐटीत बटण दाबलं.

बाराऐवजी चोवीस व्होल्ट मिळालेला पंखा असा सुटला, जणू बस घेऊनच उडणार! परातीतलं पीठ एका झटक्यात वर गेलं. योगिनी दिसेनाशी झाली. पंख्यातून धूर आला, तो घरघरला आणि गप्प झाला.  आता बस विकली जाणार, असंच वाटलं.

पीठ खाली बसलं. पांढऱ्याफटक चेहऱ्यात दोन डोळे उघडले.

"बाबा, आई असती तर?"

"परात आधी झाकून ठेवली असती," मी म्हणालो.

ती हसायला लागली. ओटा धरून, खाली बसून हसली. दीड वर्षात पहिल्यांदा. मलाही आवरेना.

डोळे पुसत ती म्हणाली, "मी रजा काढते. आपण दोघं जाऊ. पण वायरिंग खलीलभाई करतील."

"आणि मी?"

"तुम्ही कुंकू लावा."

मंगळवारी कन्वर्टर बसला.  टर्मिनल पुसताना खलीलभाई आपल्या लाल झालेल्या बोटांकडे बघत राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर आता माझ्याकडे कुंकवाचं खातं आहे. तेही, योगिनी म्हणते, एका बोटापुरतंच.