गुंजाळकाका आणि ‘ते’

अन्याय माझ्यावर झाला. जानेवारीतल्या एका रविवारी, रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी, जर्मनीतल्या नेकारसुल्म गावातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. तापमान उणे चार. अन्याय करणाऱ्याचं नाव शरद गुंजाळ, वय अडुसष्ट, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. हा माणूस काचेच्या दारापलीकडे उबेत बसून मला हात जोडत होता. "हलू नकोस. माझे आई, जागची हलू नकोस!"

माझा गुन्हा? मी श्प्रूडेलची, म्हणजे बुडबुड्यांच्या पाण्याची, बाटली आणायला बाल्कनीत गेले. हिवाळ्यात इथे पाण्याचा क्रेट सगळे बाल्कनीतच ठेवतात. मी बाटलीला हात लावला आणि तिकडे अमेरिकेत ‘त्यां’नी टचडाऊन केलं, म्हणजे एका फटक्यात सहा गुण कमावले.

‘ते’ म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा एक संघ. मोसम चालू असताना काका संघाचं नाव घेत नाहीत. दृष्ट लागते. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या तसा काका संघाचा करतात. "काल ते थोडक्यात वाचले." "त्यांचा गुडघा सुजलाय." इमारतीत नव्यानं आलेल्या एका मराठी बाईंनी जिन्यात हे ऐकून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "कोण गं आजारी आहे यांच्याकडे?"

मी दुसऱ्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर राहते, हाइलब्रोनला शिकते, आणि परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या नाकारणाऱ्या घरमालकांविरुद्ध पत्रकं काढते. पुण्यात होते तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध काढायचे. हे मुद्दाम सांगते, कारण दर रविवारी मी काकांकडे खिचडी खायला जाते आणि तिथे जे चालतं त्याला माझ्या पत्रकांत एकच शब्द आहे: थोतांड.

काकांचं म्हणणं असं की भीती ही चांगली गोष्ट आहे. "आल्झो," म्हणजे तर मग, "भ्यावं माणसानं." तीस वर्षं त्यांनी ब्रेक तपासले. ब्रेक लागणारच नाहीत असं धरून चालायचं, हा त्यांचा धर्म. घराचा विमा आहे, चष्म्याचा आहे, सायकलचा आहे, आणि दुसऱ्याच्या घरी कपबशी फोडली तर त्याचाही आहे. "मॅचचा तेवढा कोणी काढत नाही," म्हणतात. "मूर्ख नाहीत ते लोक."

हा खेळ ते शिकले हाइलब्रोनच्या अमेरिकन सैनिकांकडून. ऐंशीच्या दशकात तिथे त्यांची छावणी होती. शनिवारी काका लहानग्या निखिलला खांद्यावर बसवून त्यांचा खेळ बघायला जात. सैनिक पोराला सॉसेज देत. घरी सुधाकाकू विचारायच्या, "काय खाल्लंस रे?" आणि बापलेक एका सुरात सांगायचे, "काही नाही." सुधाकाकूंना जाऊन आता चार वर्षं झाली. निखिल अमेरिकेत नोकरी करतो. ‘ते’ ज्या गावचे, त्याच गावात.

क्रिकेटची भागीदारी जमली की आपल्याकडे कुणी जागचं उठत नाही, हे मी जन्मापासून पाहिलंय. काकांनी तोच कायदा या खेळाला लावला, आणि इथेच सगळी गडबड झाली. कारण हा खेळ चालतो कमी, थांबतो जास्त. घड्याळातल्या सहा मिनिटांना खरी पंचवीस लागतात. एकदा ‘ते’ पुढे गेले तेव्हा वरच्या मजल्यावरचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची डागडुजी बघणारा माणूस, नळ बघायला ओट्याखाली शिरला होता. काकांनी त्याला अर्धा तास बाहेर येऊ दिलं नाही. "अजून गळतंय," म्हणत राहिले. बिचारा कोरडा पाइप पुसत बसला होता.

सप्टेंबर ते डिसेंबर हे सगळं मजेचं असतं. एखादी मॅच हरली तरी पुढच्या रविवारी दुसरी असते. जानेवारीत प्लेऑफ सुरू होतात आणि मग मजा संपते. हरलात की घरी. त्या आठवड्यात काकांकडे पाहवत नाही. दाढी राहून जाते. बुधवारी जिन्यात भेटले तर म्हणाले, "पोटात खड्डा पडलाय गं." मी म्हटलं, "काका, बावीस अनोळखी माणसं चेंडूवर पडतात, त्यात तुमचं काय जातंय?" ते म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि कठडा धरून वर गेले.

तर मी बाल्कनीत. ‘ते’ एका गुणानं पुढे, सहा मिनिटं बाकी. काकांनी दार बोटभर सरकवून घोंगडी आत, म्हणजे बाहेर, ढकलली. मग खिचडीची ताटली. मग पुन्हा दार बंद. स्वतः ते कोचावर वाकून बसले होते: एका पायात मोजा, दुसरा हातात. टचडाऊनच्या वेळी ते मोजा घालत होते. आता तो घालता येत नव्हता.

मी मनात पत्रक लिहायला घेतलं. ‘श्रद्धेच्या नावाखाली भाडेकरूंचा छळ!’ पहिली मागणी, दार उघडा. दुसरी मागणी सुचायच्या आत बोटं बधिर झाली. काचेतून टीव्हीचा पडदा दिसत होता. घड्याळात दोन मिनिटं. एक. आणि खरं सांगते, मलाही भीती वाटायला लागली. मी हललेच तर? मी, जिनं पुण्यात भर चौकात उताऱ्याचं लिंबू कापून सरबत करून प्यायलं, ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायला घाबरत होते.

मग मलाच माझी लाज वाटली. दार ढकललं आणि आत शिरले. "हे शोषण आहे, काका!"

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पडद्यावर समोरच्या संघाचा एक काटकुळा माणूस चार पावलं धावला आणि त्यानं चेंडू लाथाडला. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. तीन गुण. मॅच संपली. मोसम संपला.

मला वाटलं, ओरडतील. मी तयारीत होते. पण ते एवढंच म्हणाले, "गारठलीस का गं? चहा ठेव."

मी पातेलं गॅसवर ठेवलं. "काका, मी आत आले म्हणून..."

"वेडी का काय! तू पत्रकं काढतेस ना याविरुद्ध?"

तेवढ्यात फोन वाजला. काका दचकले. चार वेळा वाजू दिला. मग मोजा हातात तसाच ठेवून त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"पापा? हास्ट दू गेझेएन?" बघितलंस का, निखिल विचारत होता.

"बघितलं रे." काका मराठीत, मुलगा जर्मनमध्ये, असंच चालतं त्यांचं. पहिलं सत्र, दुसरं, तो सुटलेला झेल, ती चुकीची शिट्टी. काकांचा चेहरा उजळला होता. हरलेल्या माणसाचा वाटेना. दहा मिनिटं झाली, निखिलच्या बोलण्यात खंड पडायला लागला. काका घाईघाईनं म्हणाले, "आणि तो सुरुवातीचा लांब लाथाडलेला पंट? तो बघितलास?"

"यावर बोललो आपण, पापा." हसून. मग, "आल्झो. बिस सेप्टेंबर!" चला, सप्टेंबरात बोलू.

"हो," काका म्हणाले. "सप्टेंबर."

फोन ठेवल्यावर त्यांनी तो दुसरा मोजा घातला. सावकाश.

चहाचं पातेलं उतू गेलं तेव्हा मला कळलं, की बुधवारी पोटात खड्डा कशाचा पडला होता: मॅच संपल्या की निखिलचे फोनही संपतात. मी विचारलं, "मधे तुम्हीच का नाही फोन करत?"

"केला होता मागं, एप्रिलात. त्यानं उचलला आणि विचारलं, काय झालं? घाबरला होता गं पोर. सुधा गेली तेव्हा मी असाच अवेळी फोन केला होता ना." ते कप हातात धरून बसले. "आता काही झालंच नव्हतं, तर काय सांगू? म्हटलं, चुकून लागला."

पत्रक मी लिहिलं, ते हे. निखिलला मराठी समजतं, पण वाचता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या बापाचा फोन अवेळी आला, सण नसताना, मॅच नसताना, तर ‘काय झालं?’ असं विचारू नका. विचारा, ‘जेवलात का?’ आणि मग फोन ठेवायची घाई करू नका. मागणी एकच आहे, आणि ती आजपासून लागू आहे. सप्टेंबरपासून नाही.