परीक्षकाची काळी जीभ

"सबंध ओआहाकात माझ्याइतकी निःपक्षपाती जीभ सापडणार नाही!" असं सेवेरियानोकाका बावीस वर्षं सांगत आले होते. मेक्सिकोतल्या त्यांच्या गावच्या जत्रेत काळ्या मोलेची स्पर्धा भरे, आणि मिरच्या-चॉकलेटच्या त्या काळ्याकुट्ट रश्श्याचे परीक्षक काकाच. नियम एकच: निकालाआधी परीक्षकानं कुणाच्या घरी मोले चाखायचा नाही.

यंदा नेमका पोटात अल्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची फौजच दिली. एक पोटातलं आम्ल कमी करणारी, दोन जंतू मारणाऱ्या, एक जखमेवर लिंपण घालणारी गुलाबी; आणि या सगळ्यांनी मळमळेल म्हणून आणखी एक. बाई पुढेही काही सांगत होत्या, पण काका तोवर दाराबाहेर! गावाला कळलं असतं तर परीक्षकाची खुर्ची गेलीच असती. अल्सरवाल्याला परीक्षक कोण ठेवणार?

जत्रेला चार दिवस असताना समितीच्या बैठकीत काकांनी ऐसपैस जांभई दिली, आणि सभा गारठली. जीभ तव्याच्या बुडासारखी काळी!

"मोले खाल्लात!" स्पर्धक फिदेन्सियाबाई कडाडल्या. "कुणाच्या घरी? बोला!"

"अहो, ती गुलाबी गोळी!" बायको ओतिलिया कानात कुजबुजली. "जीभ काळी होईल म्हणून बाई घसा फोडून सांगत होत्या. सांगून टाका ना खरं!"

खरं सांगावं तर आजारी, न सांगावं तर भ्रष्ट. काका गाव ओळखून होते.

"खाल्ला," ते मान खाली घालून म्हणाले. "मोह झाला."

अध्यक्ष क्रिसोफोरोंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "एवढंच ना? मला वाटलं, तब्येतीचं काही आहे!"

"एवढंच काय?" फिदेन्सियाबाई उसळल्या. "एकीकडे खाल्लात, आता आम्हा अकराही स्पर्धकांकडे खा! न्याय म्हणजे न्याय!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. पहिल्या घरी काकांनी ताट संपवलं, दुसऱ्या घरी वर वाढूनही घेतलं, तिसऱ्या घरी घामानं निथळत "वा!" म्हटलं. चौथ्या घरी ते ताटासमोरच आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी क्रिसोफोरो दवाखान्यात आले. सलाइनच्या बाटलीकडे बघत त्यांनी काकांचा हात दाबला.

"खुर्चीची काळजी सोडा, काका. अल्सरचं अक्षरही बाहेर फुटलेलं नाही. गावात सांगितलंय, माणूस ठणठणीत आहे. लाच जरा जास्त झाली!"